'मुंबई स्पेशल' म्हणे!

जुन्या घड्याळांचा नाद असलेल्या मंडळींमध्ये 'मुंबई स्पेशल' ही एक शिवी आहे. भारतात रंगवून, जोडून, चकाचक करून ऑनलाइन विकायला ठेवलेलं जुनं मनगटी घड्याळ म्हणजे मुंबई स्पेशल. मूळ घड्याळ सत्तरीतलं सीको फाइव्ह असतं, पण तबकडी जांभळी, काटे नारिंगी आणि आकडे सोनेरी. एखादं वेस्ट एन्ड असतं, त्यावर गांधीजी विराजमान. एखाद्यावर भारतीय रेल्वेचा शिक्का, जो त्या घड्याळाने उभ्या जन्मात पाहिलेला नाही. गणपतीच्या मखराला शोभतील असे रंग, आणि खाली वर्णन: दुर्मीळ, शंभर टक्के ओरिजिनल.

गेल्या वर्षी इथे सिंगापूरमध्ये एका हॉकर सेंटरमध्ये अशाच चार-पाच घड्याळवेड्यांबरोबर बसले होते. मी मुंबईकडची आहे हे कळल्यावर एकाने हसत विचारलं, "मग तुझ्या मनगटावरचं खरं की मुंबई स्पेशल?" सगळे हसले. मीही हसले. घरी जाताना एमआरटीत राग आला, आणि तो नेमका कुणावर आलाय हे बराच काळ कळेना. आता कळलंय, म्हणून लिहिते आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. ही शिवी चुकीच्या माणसाला लागते आहे. तबकडी रंगवणारा कारागीर लबाड नाही. ती रंगवलेली तबकडी 'ओरिजिनल' म्हणून विकणारा लबाड आहे. आणि त्याचं दुकान चालतं ते आपल्यामुळे. घड्याळ पन्नास वर्षांचं हवं, पण दिसायला कालच आणल्यासारखं हवं, असा हट्ट धरून परदेशात बसलेल्या आपल्यासारख्या गिऱ्हाइकांमुळे.

आधी कारागिराचं बघू. स्वातंत्र्यानंतर कित्येक दशकं परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक बंधनं होती. सुटे भाग तर त्याहून दुर्मीळ. फेवर ल्युबासारख्या स्विस कंपनीचं मुंबईशी एकोणिसाव्या शतकापासून नातं, तिची 'सी किंग' आणि 'सी चीफ' घराघरांत होती, पण तबकडी खराब झाली तर नवी आणणार कुठून? आणि तबकडी खराब होणारच. मुंबईचा पावसाळा चार महिने, घाम बारा महिने. काचेच्या कडेतून, किल्लीच्या दांड्यातून दमट हवा आत जाते, वार्निश फुगतं, खालचा पितळी पत्रा काळा पडतो. मग घड्याळजी ती तबकडी उतरवायचा, जुना रंग खरवडायचा, नवा लावायचा आणि नाव पुन्हा छापायचा. हा एक रीतसर धंदा होता, आणि तो फक्त मुंबईत नव्हता. युरोप-अमेरिकेतले जव्हेरीसुद्धा गेल्या शतकात डायल नवी करून देण्याच्या जाहिराती करत. बड्या स्विस कंपन्यांनी सर्व्हिसिंगला आलेल्या घड्याळांच्या जुन्या डायली काढून सर्रास नव्या बसवल्या. त्याला आज 'सर्व्हिस डायल' असं सभ्य नाव आहे. आमच्याकडे तेच काम गल्लीतल्या माणसाने केलं की मुंबई स्पेशल!

दुटप्पीपणा इथेच थांबत नाही. एखाद्या जुन्या रोलेक्सची काळी तबकडी उन्हाने तपकिरी पडली की तिला 'ट्रॉपिकल' म्हणतात आणि तिच्यासाठी जास्त पैसे मोजतात. माझ्या माहितीत खऱ्या उष्ण कटिबंधात, खऱ्या माणसाच्या मनगटावर तपकिरी पडलेल्या एचएमटीला मात्र मळकी म्हणतात.

माझ्या आजोबांची सी किंग साताऱ्याच्या घरी होती. ऐंशीच्या दशकात तिच्या तबकडीवर इतके काळे डाग पडले की काटे दिसेनात. तिथल्या घड्याळजीने ती रंगवून आणली. फिक्या साईच्या रंगाची झाली, नावातल्या अक्षरांची अंतरं किंचित बिघडली. कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि आलं असतं तरी काय? आजोबांना वेळ बघायची होती. शेवटपर्यंत ते तीच वापरत होते. त्या तबकडीत खोटं काहीच नाही. उद्या मी ती 'मूळ तबकडी' म्हणून विकायला ठेवली, तर त्या क्षणी खोटं सुरू होईल, आणि ते माझं असेल.

म्हणून 'आपला जुगाड', 'दुरुस्तीची संस्कृती' असं म्हणत या सगळ्या बाजाराचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्याच लोकांशीही माझं भांडण आहे. दुरुस्ती म्हणजे बिघडलेलं नीट करणं. चांगल्या घड्याळाची तबकडी खरवडून त्यावर तिरंगा काढणं ही दुरुस्ती नव्हे. आजोबांच्या घड्याळजीचा मोठेपणा सांगून आजच्या विक्रेत्याची थाप झाकता येत नाही.

आता माझी फजिती. दोन वर्षांपूर्वी मी ऑनलाइन एक एचएमटी पायलट घेतलं. विक्रेता मुंबईचा, टपालखर्चासकट ६८ सिंगापूर डॉलर. पायलटच का, ते पुढे येईल. वर्णनात 'न्यू ओल्ड स्टॉक', म्हणजे दुकानात न विकता पडून राहिलेला जुना माल. काळीभोर तबकडी, हिरवट पांढरे आकडे, आरशासारखी केस. मी इतकी हरखले की फोटो काढून घरच्या सगळ्यांना पाठवले.

हॉकर सेंटरमधल्या त्या प्रश्नाचं उत्तर दुर्दैवाने 'मुंबई स्पेशल' असंच होतं. विचारणाऱ्याने खिशातून भिंग काढलं, घड्याळ उलटंसुलटं केलं आणि पाच मिनिटांत माझ्या हातात दिलं. म्हणाला, आता तू बघ. तेव्हा पाहिलेलं आणि नंतर शिकलेलं, सांगण्यासारखं आहे ते सांगते.

सगळ्यात आधी छपाई बघावी. कारखान्यातलं अक्षर तबकडीवर किंचित उठून येतं, त्याच्या कडा भिंगाखालीही स्वच्छ राहतात. माझ्या घड्याळावर 'पायलट' या शब्दाच्या कडा शाई फुटल्यासारख्या होत्या. मग मिनिटांच्या रेघा: बारा आकड्यांच्या समोर बारा रेघा नेमक्या यायला हव्यात. माझ्याकडे ४ आणि ७ च्या समोर त्या घसरलेल्या. काटेही बोलतात. मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचला पाहिजे, माझा अलीकडेच संपत होता, म्हणजे तो दुसऱ्याच घड्याळाचा. मग चमक. जुन्या घड्याळांवरची अंधारात चमकणारी पूड दशकांनंतर मेलेली असते. अतिनील टॉर्च मारला तर ती क्षणभर उजळेल, पण टॉर्च बंद केला की विझते. माझं घड्याळ टॉर्च बंद केल्यावरही कितीतरी मिनिटं झळकत राहिलं. पूड आजची होती. काट्यांवरचा रंग तर अजिबात चमकेना. तबकडी आणि काटे एकाच दिवशी कारखान्यातून निघाले असतील, तर एक तरुण आणि एक म्हातारा असं होत नाही.

स्विस घड्याळांमध्ये आणखी एक खूण मिळते. साठ-सत्तरच्या दशकांत ट्रिटियम वापरलेल्या बऱ्याच तबकड्यांवर तळाशी 'टी स्विस मेड टी' असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं. रंगवताना ही ओळ बहुधा गळते, किंवा जाडजूड होऊन भलत्या जागी उतरते. सीकोमध्ये तपासणी त्याहून सोपी. मागच्या झाकणावर क्रमांक असतो, त्याचे पहिले चार आकडे मशीनचे. तेच चार आकडे मशीनवर हवेत, आणि तबकडीच्या अगदी खालच्या काठावरच्या बारीक क्रमांकातही. झाकण म्हणतंय ७००९, मशीन ६३०९ आणि तबकडीच्या काठावर काहीच नाही, तर तुमच्या हातात तीन घड्याळांची मोट आहे. झाकणावर अनुक्रमांकही असतो. त्यातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा आणि दुसरा महिना, दशक मात्र आपण ओळखायचं.

केसकडे कुणी बघतच नाही, आणि तिथेच फसवणूक सगळ्यात सोपी. या किमतीच्या बऱ्याच जुन्या घड्याळांची केस पितळेची, वर क्रोमचा मुलामा. पट्टा जिथे घासतो तिथे मुलामा उडून पिवळं पितळ दिसायला लागतं. ते दिसणं हे वयाचं प्रमाणपत्र. त्याऐवजी कडा गोल झालेल्या, खड्ड्यांवरच नवा मुलामा चढवल्यामुळे पृष्ठभाग लाटांसारखा, आणि तरी लखलखाट, असं असेल तर केस पॉलिशच्या चाकावर गेलेली आहे. धारदार कडा एकदा घासल्या की परत येत नाहीत.

आणि आतलं मशीन! त्याचा फोटो न देणाऱ्या विक्रेत्याकडून काही घेऊच नये, हे मी आता वाद न घालता सांगते. स्क्रूंच्या खाचा चावल्यासारख्या झाल्यात का, किल्लीच्या दांड्याभोवती गंज आहे का, हे एका फोटोत कळतं. 'फुल्ली सर्व्हिस्ड' या शब्दांना काडीचा अर्थ नाही. टाइमग्राफर नावाचं छोटं यंत्र घड्याळाचे ठोके ऐकून ते दिवसाला किती सेकंद पुढे-मागे जातं हे दाखवतं, आणि बॅलन्सचं चाक किती अंश झोका घेतं हेही. पूर्ण किल्ली दिलेलं निरोगी घड्याळ साधारण २७० ते ३०० अंशांचा झोका घेतं. २०० च्या खाली असेल तर त्यात वाळलेलं तेल आणि देवाचं नाव एवढंच आहे. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मागा. खरा सर्व्हिसिंग केलेला माणूस तो आनंदाने पाठवतो.

माझ्या विक्रेत्याला मी यातलं काहीही विचारलं नव्हतं. नंतर जाब विचारला तेव्हा उत्तर आलं, "मॅडम, मशीन चालू आहे ना?" सिंगापूरमध्ये २०१२ पासून सदोष मालाविरुद्ध 'लेमन लॉ' आहे, तो जुन्या मालालाही लागू होतो. पण तो व्यावसायिक विक्रेत्यांसाठी. खासगी माणसाने खासगी माणसाला विकलेल्या वस्तूला तो लागत नाही, आणि समुद्रापलीकडच्या विक्रेत्यामागे ६८ डॉलरसाठी कोण धावणार? इथले जुने छांदिष्ट सुंगेई रोडच्या चोरबाजाराच्या आठवणी काढतात. तो २०१७ च्या जुलैत बंद झाला, मी यायच्या आधीच. तिथेही लबाडी होतीच, पण घड्याळ कानाला लावता यायचं आणि माणसाच्या तोंडाकडे बघता यायचं.

"जाऊ दे ना, साठ-सत्तर डॉलरचं तर प्रकरण," असं मला आपल्याच एका गटात सांगितलं गेलं. "घालायला छान दिसतं ना?" या 'जाऊ दे'वरच माझा मुख्य राग आहे. पैसे गेले ते गेले. गेलं ते दुसरंच.

एचएमटीने बंगळूरला जपानच्या सिटिझनच्या मदतीने १९६१ मध्ये घड्याळं करायला सुरुवात केली. जनता, पायलट, कोहिनूर, श्रीनगरच्या कारखान्यातलं चिनार. लग्नात, नोकरी लागल्यावर, दहावीच्या निकालानंतर मिळालेली ही घड्याळं. २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करायला मंजुरी दिली. ते कारखाने परत सुरू होणार नाहीत. त्या काळातलं जे आहे ते लोकांच्या कपाटांत आणि गोदरेजच्या लॉकरांत आहे, तेवढंच. त्यातली एक डागाळलेली पण मूळ तबकडी खरवडली की जगातून एक कमी होते.

दुसरं नुकसान मला माझ्या धंद्यामुळे जास्त टोचतं. संशोधनात नमुने दूषित झाले की मोजमाप कितीही काटेकोर असो, निष्कर्ष कचऱ्यात जातो. जुन्या घड्याळांची खरी तबकडी कशी होती, हे आज बहुतेक लोक फोटो बघून ठरवतात. आणि ऑनलाइन फोटो टाकतं कोण? विकणारे. म्हणजे रंगवलेल्या तबकड्यांचे फोटो वाढत जातात, तेच प्रमाण होतात, आणि हळूहळू खऱ्या घड्याळावरच संशय येऊ लागतो. हे डॉलरमध्ये मोजायचं नुकसान नाही.

देवनागरीचं तर बोलायलाच नको. 'जनता' हे नाव देवनागरीत असलेली खरी घड्याळं एचएमटीने काढली होती. ती आपल्याला आवडतात हे विक्रेत्यांनी बरोबर ओळखलं, आणि मग वाटेल त्या घड्याळावर देवनागरी अवतरली. मी एका तबकडीवर 'भारत' पाहिलं, त्यातल्या 'र'ची शेपटीच गायब होती. खाली न्यू जर्सीपासून सिडनीपर्यंतच्या आडनावांचे हृदयाचे शिक्के. मातृभाषा बघितली की आपण भिंग खाली ठेवतो.

काही विक्रेते सरळ लिहितात, 'डायल रंगवलेली आहे, केस मूळ, काटे बदललेले.' मुंबईचेच आहेत, त्यांचा माल हळू विकला जातो. मी आता त्यांच्याकडूनच घेते, आणि घासाघीस करत नाही. रंगवलेली तबकडी मागच्या बाजूने रंगवणाऱ्याची खूण आणि तारीख घेऊन आली, तर ती मी अभिमानाने घालीन. त्या खुणेची मागणी आपण गिऱ्हाइकांनी करायची असते. आजवर आपण मागितलं काय? चमक.

आता पायलटच का, ते. कराडच्या माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा, एसटीत होते. त्यांच्या मनगटावर पायलट. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत ते त्याला किल्ली द्यायचे, बोटांत धरून मोजत. काळ्या तबकडीला कडेने तपकिरी झाक आली होती, ४ वरची पूड झडली होती. लहानपणी मी त्या ४ वर बोट ठेवून विचारायची, हा कुठे गेला? आतोबा गेल्यावर घड्याळ आत्याच्या कपाटात राहिलं. मी ६८ डॉलरचं घेतलं ते त्याची आठवण म्हणून, आणि फोटो सगळ्यात आधी पाठवला तो आत्याला. "बघ, अगदी आतोबांचं, पण नवं कोरं!" असं मीच लिहिलं होतं. वर आणखी दोन-तीन विक्रेत्यांच्या घड्याळांचे फोटो पाठवले. फसवणूक कळल्यावर मात्र तिला काही कळवलं नाही. कशाला तिच्या डोक्याला ताप?

या जानेवारीत माझा आतेभाऊ कामासाठी सिंगापूरला आला. आत्याने त्याच्याबरोबर तिळगूळ, चटणी आणि रुमालात बांधलेली एक डबी पाठवली. आत आतोबांचं पायलट. कडेची झाक गेलेली, काळीकुळकुळीत तबकडी, बाराही आकडे हिरवट पांढरे. ४ परत आला होता. मिनिटांच्या रेघा त्याच्यासमोरून जरा घसरलेल्या.

आत्याचा व्हिडिओ कॉल आला. "तुझ्या फोटोसारखं करून दे म्हणून सांगितलं त्याला. तुला मळकं कसं द्यायचं? आवडलं ना गं?"

"हो आत्या," म्हटलं, "अगदी नवं झालंय."

आतेभावाकडून नंबर घेऊन दुसऱ्या दिवशी मी कराडच्या त्या दुकानात फोन केला. म्हटलं, दादा, आधीची तबकडी तुमच्याकडे राहिली असेल तर ठेवून द्या, मी मागवून घेते.

"ताई, तीच बसवलीय की," तो म्हणाला. "नुसती घासून साफ केली."